नाउन क्लॉजमध्ये तीच चूक पुन्हा पुन्हा होते? सुरुवात प्रश्नापासून नको, उत्तरापासून करा

नियम पाठ असतो. रिकाम्या जागा बरोबर भरल्या जातात. उताऱ्यातला नाउन क्लॉज, म्हणजे मोठ्या वाक्यात नामाचं काम करणारं आतलं वाक्य, अधोरेखित करायला सांगितला तर पेन्सिल नेमकी तिथेच जाते. आणि तरीही बोलायला लागलं की तोंडातून निघतं, “आय डोन्ट नो व्हेअर इज ही.” ईमेल लिहिताना बोटं टाइप करून मोकळी होतात, “प्लीज टेल मी व्हेन विल यू कम.” चूक लक्षात येते, पण वाक्य संपल्यावर.

ही तक्रार नवशिक्यांची नाही. युरोप परिषदेनं 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीत ज्यांना बी-1 किंवा बी-2 म्हणतात, म्हणजे ज्यांचं रोजचं इंग्रजी बोलणं-लिहिणं निभून जातं, अशांची ती आहे. त्यांना नियम पुन्हा एकदा समजावून फारसं काही साधत नाही, तो त्यांना ठाऊकच असतो. दुरुस्ती करायची ती वाक्य मनात जुळायला लागतं त्या जागी.

इंग्रजी वाक्यं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा. ही चूक डोळ्यांना चुकवून जाते, कानांना सहसा चुकवत नाही.

चूक येते कुठून

इंग्रजी शिकताना प्रश्न आपण अख्खेच्या अख्खे पाठ करतो. “व्हेअर इज ही?”, “व्हॉट डज शी वॉन्ट?”, “हाऊ मच डज इट कॉस्ट?” हे तुकडे इतके घोटलेले असतात की त्यातले शब्द सुटे सुटे आठवतच नाहीत. त्यात मराठीची सवय अशी, की प्रश्न दुसऱ्या वाक्यात घालायचा झाला तर त्याला हात लावावा लागत नाही. “तो कुठे आहे?” हा प्रश्न. “तो कुठे आहे हे मला माहीत नाही” यात तोच तुकडा, तोच क्रम. मग इंग्रजीतही मन तेच करतं. पाठ असलेला प्रश्न उचलतं आणि “आय डोन्ट नो”च्या मागे जोडून देतं.

इंग्रजीत हे जमत नाही. तिथे खरा प्रश्न विचारताना कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात आणि ही अदलाबदल म्हणजे ‘मी आत्ता विचारतोय’ याची खूण असते. “आय डोन्ट नो” म्हणताना आपण काही विचारत नाही, एक माहिती आपल्याकडे नाही एवढं सांगतो. म्हणून आतल्या भागात साध्या विधानाचा क्रम लागतो: “आय डोन्ट नो व्हेअर ही इज.”

ऐकणाऱ्याला दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच कळतो, आणि चूक टिकून राहण्याचं मोठं कारण हेच आहे. कोणी थांबवत नाही, गैरसमज होत नाही, काम होऊन जातं. आयर्लंडमधल्या बोली इंग्रजीत तर “ही आस्क्ड मी वॉज आय रेडी” अशी वाक्यं सहज ऐकू येतात. पण परीक्षेत, अर्जात, औपचारिक पत्रात हा क्रम चूकच धरला जातो. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये अशा रुतून बसलेल्या चुकांसाठी ‘फॉसिलायझेशन’ हा शब्द वापरला. पुढची सगळी भाषा सुधारत जाते, एवढा एक तुकडा मात्र होता तिथेच थिजतो.

नेहमीचा उपाय का पुरत नाही

वर्गात बहुधा असं शिकवतात: आधी प्रश्न करा, मग त्यातला क्रम उलटा करून सरळ करा. कागदावर हे ठीक चालतं. बोलताना मात्र आधी चुकीची वस्तू मनात आणायची, मग ती दुरुस्त करायची आणि मग उच्चारायची, इतका वेळ कोणाकडे असतो? घाईत दुरुस्तीची पायरी गळते आणि प्रश्न जसा होता तसा बाहेर पडतो. शिवाय या सरावात आपण चुकीचा क्रमच पुन्हा पुन्हा घोटत असतो. माझं स्पष्ट मत आहे की मध्यम पातळीवर हा सराव मदतीपेक्षा अडथळाच जास्त करतो.

त्यापेक्षा प्रश्नाच्या वाटेलाच जाऊ नका. त्या प्रश्नाचं उत्तर असलेलं विधान मनात आणा आणि त्यात माहीत नसलेल्या गोष्टीच्या जागी ‘समथिंग’, ‘समवन’, ‘समव्हेअर’ ठेवा.

“शी वॉन्ट्स समथिंग.” हे विधान झालं. आता ‘समथिंग’ काढा, त्याच्याऐवजी ‘व्हॉट’ घ्या आणि ते पुढे आणून ठेवा: “व्हॉट शी वॉन्ट्स.” बाकी कशालाही हात लावायचा नाही. हा तयार नाउन क्लॉज आहे. त्याच्या आधी हवं ते ठेवा: “आय नो व्हॉट शी वॉन्ट्स.” “टेल मी व्हॉट शी वॉन्ट्स.” “व्हॉट शी वॉन्ट्स इज अ लिटल रेस्ट.”

या वाटेत ‘डज’ कुठे आलंच नाही, मग ते गाळण्याचा प्रश्नही उरला नाही. “आय नो व्हॉट डज शी वॉन्ट” किंवा त्याहून अवघड “आय नो व्हॉट डज शी वॉन्ट्स” या चुका होतात त्या प्रश्नातलं ‘डज’ सोबत आल्यामुळे. भूतकाळातही तेच. “व्हेअर डिड ही गो?” या प्रश्नाकडून निघालात तर ‘डिड’ काढायचं, ‘गो’चं ‘वेन्ट’ करायचं, अशी दोन कामं लागतात आणि त्यातलं दुसरं हमखास राहतं: “आय डोन्ट नो व्हेअर ही गो.” विधानाकडून निघालात तर “ही वेन्ट समव्हेअर” यात ‘वेन्ट’ आधीच हजर आहे. “आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट.”

‘हाऊ मच’, ‘हाऊ लाँग’, ‘हाऊ ओल्ड’ यांत एक काळजी घ्या. ‘हाऊ’सोबत जो शब्द येतो तो त्याला सोडत नाही, दोघं मिळून पुढे येतात. “ही इज सो ओल्ड” यातून “हाऊ ओल्ड ही इज” होतं. “आय वॉन्डर हाऊ ही इज ओल्ड” असं मराठी माणूस क्वचितच म्हणतो, पण लांब वाक्यात तुटातूट होते: “आय फरगॉट हाऊ वी हॅव मेनी चेअर्स.” बरोबर वाक्य: “हाऊ मेनी चेअर्स वी हॅव.”

शेवटी लटकणारा शब्द

“शी इज लुकिंग फॉर समथिंग.” आता ‘समथिंग’ काढून ‘व्हॉट’ पुढे नेलं तर मागे ‘फॉर’ एकटं राहतं: “आय डोन्ट नो व्हॉट शी इज लुकिंग फॉर.” वाक्य शब्दयोगी अव्ययासारख्या शब्दावर संपलेलं बघून आपल्याला अपुरं वाटतं आणि आपण ते ‘फॉर’ खाऊन टाकतो. “आय डोन्ट नो व्हॉट शी इज लुकिंग” हे वाक्य मात्र खरंच अपुरं आहे. विधानातून निघण्याची सवय असली की हे ‘फॉर’, ‘अबाउट’, ‘विथ’, ‘टू’ विसरले जात नाहीत, ते आधीपासूनच जागेवर असतात. “ही इज टॉकिंग टू समवन” – “आय कान्ट सी हू ही इज टॉकिंग टू.”

अपवाद वाटतो, पण अपवाद नाही

इथे हुशार विद्यार्थी अडतात. कर्ता आधी, क्रियापद नंतर, हे एकदा मनावर घेतलं की ते “आय नो हू ब्रोक द ग्लास” याकडेही संशयानं बघतात. इथे काही बदलायला नको होतं का? प्रश्न होता “हू ब्रोक द ग्लास?” आणि नाउन क्लॉजही तसाच?

विधान बघा: “समवन ब्रोक द ग्लास.” माहीत नसलेली गोष्ट इथे कर्ताच आहे आणि ती आधीच पहिल्या जागी आहे. ‘समवन’च्या जागी ‘हू’ ठेवलं की काम झालं, पुढे आणायला काही उरलं नाही. “समथिंग हॅपन्ड” – “आय नो व्हॉट हॅपन्ड.” “समथिंग इज राँग” – “टेल मी व्हॉट इज राँग.” हे शेवटचं वाक्य अतिकाळजीपोटी “टेल मी व्हॉट राँग इज” असं बिघडवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. “व्हॉट इज द मॅटर” याचंही तसंच, कारण मूळ विधान “समथिंग इज द मॅटर” आहे. तीच कृती दोन्हीकडे लागू पडते, म्हणून अपवादांची यादी पाठ करायची गरज नाही.

हो-नाहीचे प्रश्न आणि ‘की’चं ओझं

आता असं समजा की विधानात काहीच गाळायचं नाही. “शी इज कमिंग.” फक्त हे खरं की नाही, ते ठाऊक नाही. ‘समथिंग’ नाही, म्हणून ‘व्हॉट’ही नाही. विधान तसंच ठेवायचं आणि पुढे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लावायचं: “आय डोन्ट नो इफ शी इज कमिंग.” आणि ते खरं आहे अशी खात्री असेल तर पुढे ‘दॅट’: “आय नो दॅट शी इज कमिंग.”

इथे मराठी ‘की’ घोटाळा करते. “मी विचारलं की ती येणार आहे का”, “तो म्हणाला की तो दमलाय”, “मला कळत नाही की काय करावं”, सगळीकडे ‘की’. शाळेत ‘की’ म्हणजे ‘दॅट’ अशी जोडी मनात बसलेली. त्यातून “आय आस्क्ड हर दॅट इज शी कमिंग” आणि “ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह” अशी वाक्यं तयार होतात. मराठी ‘की’ प्रश्नासोबत आनंदानं राहते. इंग्रजी ‘दॅट’ राहत नाही.

कामाला येणारा नियम छोटा आहे: एका नाउन क्लॉजला जोडणारा शब्द एकच. ‘व्हेअर’ आलं तर ‘दॅट’ नको, ‘इफ’ आलं तरी ‘दॅट’ नको. “ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.” लिहून झालं की आपल्या मजकुरात ‘दॅट’ शोधा आणि त्याच्या लगेच पुढचा शब्द बघा. तिथे ‘व्हॉट’, ‘व्हाय’, ‘हाऊ’, ‘इफ’ असं काही दिसलं तर बहुतेक वेळा ते ‘दॅट’ उडवायचं असतं. ‘आस्क’ आणि ‘वॉन्डर’ या क्रियापदांनंतर प्रश्नाची गोष्ट सांगताना ‘दॅट’ येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी पडझड थांबते.

‘इफ’ आणि ‘व्हेदर’ बोलण्यात बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात. काही जागा मात्र ‘व्हेदर’च्याच. वाक्याची सुरुवात नाउन क्लॉजनं असेल तर “व्हेदर शी कम्स इज नॉट इम्पॉर्टंट.” ‘ऑन’, ‘अबाउट’ अशा शब्दांनंतर: “इट डिपेन्ड्स ऑन व्हेदर शी कम्स.” ‘टू’च्या आधी: “आय कान्ट डिसाइड व्हेदर टू गो.” आणि ‘ऑर नॉट’ अगदी चिकटून येत असेल तेव्हा: “व्हेदर ऑर नॉट शी कम्स.” शंका आली की ‘व्हेदर’ वापरा, चुकणार नाही.

‘डू यू थिंक’चा खड्डा

“डू यू नो व्हेअर ही इज?” हे वाक्य बरोबर जमायला लागलं की पुढची चूक वाट बघत असते: “डू यू थिंक व्हेअर ही इज?” दोन्ही वाक्यं दिसायला सारखी, पण दुसरं इंग्रजीत चालत नाही. “व्हेअर डू यू थिंक ही इज?” असं म्हणावं लागतं.

कारण उत्तरात सापडतं. “डू यू नो” ला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येतं. तुला ठाऊक आहे का, एवढाच तो प्रश्न. “तो कुठे असेल असं तुला वाटतं?” याला ‘हो’ असं उत्तर देऊन बघा, जमत नाही. इथे आपल्याला जागा कळायला हवी आहे, म्हणून ‘व्हेअर’ हा खऱ्या प्रश्नाचा शब्द आहे आणि तो अगदी पुढे जातो. ‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘सपोज’, ‘इमॅजिन’ या सगळ्यांचं वागणं असंच. “व्हॉट डू यू थिंक शी वॉन्ट्स?” “हू डू यू थिंक विल विन?” दोन्हीत अदलाबदल एकदाच झाली आहे, ‘डू यू’मध्ये. आतला भाग सरळच आहे. एका वाक्यात खऱ्या प्रश्नाची उलटापालट एकदाच होते, ही खूण धरली तर इथेही हात चुकत नाही.

‘थिंक’ आलंच आहे तर आणखी एक. “मला वाटतं तो येणार नाही” याचं आपण “आय थिंक ही विल नॉट कम” करतो. ते चूक नाही, पण इंग्रजी कानाला “आय डोन्ट थिंक ही विल कम” जास्त सहज वाटतं. नकार पहिल्या क्रियापदावर, म्हणजे ‘थिंक’वर, सरकतो. ‘होप’बरोबर मात्र तो सरकत नाही: “आय होप ही डझन्ट कम.”

‘दॅट’ की ‘व्हॉट’: भोक आहे का ते बघा

“आय बिलीव्ह दॅट यू सेड” आणि “आय बिलीव्ह व्हॉट यू सेड” यांत कुठलं बरोबर? ‘दॅट’नंतरचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. “यू सेड” एवढंच घेतलं तर विचारावंसं वाटतं, काय म्हणालास? म्हणजे आत एक भोक आहे. ‘दॅट’ ते बुजवू शकत नाही, कारण जोडणं यापलीकडे त्याला काही काम नाही. ‘व्हॉट’ जोडतंही आणि भोकही बुजवतं. म्हणून “आय बिलीव्ह व्हॉट यू सेड”, पण “आय बिलीव्ह दॅट यू सेड इट.” हीच पुन्हा ‘समथिंग’ची कसोटी: “यू सेड समथिंग” यातून ‘व्हॉट’ निघालं.

मराठीतली ‘जे… ते’ ही जोडी इथे हळूच शिरते. “तो जे म्हणाला ते खरं आहे” याचं “व्हॉट ही सेड दॅट इज ट्रू” होतं. ‘जे’साठी ‘व्हॉट’ आणि ‘ते’साठी ‘दॅट’. इंग्रजीत ‘व्हॉट’मध्ये ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही सामावलेले आहेत, म्हणून “व्हॉट ही सेड इज ट्रू.” अख्खा नाउन क्लॉज कर्ता असतो तेव्हा तो सहसा एकवचनी धरतात. आत अनेकवचनी शब्द असला तरी “व्हॉट दे से इज ट्रू”, ‘दे’ बघून ‘आर’ लावायचं नाही.

‘दॅट’नं सुरू होणारा क्लॉज कर्ता म्हणून पुढे ठेवणं व्याकरणात बसतं: “दॅट ही फेल्ड सरप्राइज्ड मी.” पण असं बोलतं कोण? रोजच्या वापरात ‘इट’ पुढे घालतात आणि क्लॉज मागे जातो: “इट सरप्राइज्ड मी दॅट ही फेल्ड.” मराठीत अशा जागी कर्त्याची गरज भासत नाही, म्हणून ‘इट’ गळतं आणि “इज पॉसिबल दॅट ही विल कम” असं वाक्य उरतं. ‘इट इज पॉसिबल’, ‘इट इज क्लिअर’, ‘इट सीम्स’ हे तुकडे ‘इट’सकटच तोंडात बसवा.

‘मी’ नेमका कोण

सगळ्यात जास्त गैरसमज करणारी चूक हीच, कारण इथे अर्थच बदलतो. मराठीत आपण सहज म्हणतो, “तो म्हणाला की मी उद्या येतो.” येणार तो आहे, हे आपल्याला कळतं. मराठीत ‘की’नंतर दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत “ही सेड दॅट आय वुड कम” म्हटलं की येणारा मी, म्हणजे बोलणारा. त्याला यायचं असेल तर “ही सेड दॅट ही वुड कम.” ‘दॅट’ ओलांडलं की सगळी सर्वनामं बोलणाऱ्याच्या बाजूनं बघायची.

त्याच्यासोबत काळ येतो. “ती म्हणाली की ती आजारी आहे” यात ‘आहे’ तसंच राहतं. इंग्रजीत पुढे ‘सेड’ असलं की आतला काळ एक पायरी मागे जातो: “शी सेड दॅट शी वॉज इल.” ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘हॅज गॉन’चं ‘हॅड गॉन’. गोष्ट आजही तितकीच खरी असेल तर काळ तसाच ठेवला तरी चालतो: “द टीचर सेड दॅट द अर्थ गोज अराउंड द सन.” बाहेरचं क्रियापद वर्तमानात असेल तर काहीच सरकत नाही: “शी सेज शी इज इल.”

‘से’ आणि ‘टेल’ यांचं थोडक्यात: ‘टेल’नंतर लगेच माणूस, ‘से’नंतर लगेच माणूस नाही. “ही टोल्ड मी दॅट…”, “ही सेड दॅट…”. ‘एक्सप्लेन’ला माणूस जोडायचा तर ‘टू’ घ्या. ‘सजेस्ट’ आणि ‘इन्सिस्ट’मधून मागणी व्यक्त होते तेव्हा आतल्या क्रियापदाचं मूळ रूप येतं: “शी इन्सिस्टेड दॅट ही गो.” ‘गोज’ नाही, ‘वेन्ट’ही नाही. जड वाटलं तर “दॅट ही शुड गो” म्हणा.

‘अबाउट दॅट’ अडखळतं तेव्हा

‘अबाउट’, ‘ऑफ’, ‘फॉर’ अशा शब्दांना थेट चिकटून ‘दॅट’ क्लॉज येत नाही. ‘व्हॉट’, ‘हाऊ’, ‘व्हेदर’वाला येतो. “वी टॉक्ड अबाउट हाऊ ही डिड इट” चालतं. “शी इज अवेअर ऑफ दॅट ही लाइड” चालत नाही. सुटका दोन प्रकारे होते: ‘ऑफ’ काढून टाका, “शी इज अवेअर दॅट ही लाइड”, किंवा मध्ये ‘द फॅक्ट’ घाला, “शी इज अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट ही लाइड.” मला पहिला मार्ग बरा वाटतो, वाक्य हलकं राहतं.

नामानंतर येणारा ‘दॅट’ ओळखतानाही लोक अडतात. “द न्यूज दॅट ही वन” आणि “द न्यूज दॅट ही गेव्ह अस” यांत पहिला नाउन क्लॉज, दुसरा विशेषणाचा. इथे मराठीच मदतीला येते. पहिल्याचं मराठी “तो जिंकला ही बातमी”, दुसऱ्याचं “त्यानं दिलेली बातमी”. पहिल्यात बातमी काय ते सांगितलं, दुसऱ्यात कुठली बातमी ते. आणि भोकाची कसोटी इथेही लागते: “ही वन” पूर्ण आहे, “ही गेव्ह अस” अपुरं.

सराव कसा करायचा

अधोरेखित करण्याचे स्वाध्याय बाजूला ठेवा. त्यानं ओळख पक्की होते, आणि ती तुमची आधीच झाली आहे. त्याऐवजी एखादं साधं विधान घ्या, ज्यात माहितीचे तीन-चार तुकडे आहेत: “द गर्ल बॉट अ ब्लू बॅग येस्टरडे.” आता एकेक तुकडा लपवत जा आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं वाक्य म्हणा. “आय नो हू बॉट अ ब्लू बॅग येस्टरडे.” “आय नो व्हॉट द गर्ल बॉट येस्टरडे.” “आय नो व्हिच बॅग द गर्ल बॉट.” “आय नो व्हेन द गर्ल बॉट अ ब्लू बॅग.” काही न लपवता: “आय नो दॅट द गर्ल बॉट अ ब्लू बॅग.” खात्री नसेल तर: “आय डोन्ट नो इफ द गर्ल बॉट अ ब्लू बॅग.” एका विधानातून इतका सराव निघतो आणि प्रश्न एकदाही करावा लागत नाही.

हे सहज यायला लागलं की सुरुवात बदला: “आय कान्ट रिमेंबर”, “कॅन यू टेल मी”, “इट डझन्ट मॅटर”, “एव्हरीथिंग डिपेन्ड्स ऑन”. “कॅन यू टेल मी”वर जास्त वेळ द्या. तिथे बाहेरचा भाग प्रश्न असल्यामुळे आतही प्रश्नाचा क्रम घुसवायचा मोह सर्वात जास्त असतो. मग फोनवर दोन मिनिटं स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा, विषय ‘मला ठाऊक नसलेल्या गोष्टी’. दुसऱ्या दिवशी ऐकताना फक्त नाउन क्लॉजचा क्रम तपासा. उच्चार, आर्टिकल, बाकी सगळं त्या वेळेपुरतं सोडून द्या. एकाच वेळी पाच चुका पकडायला गेलं तर एकही हाती लागत नाही.

तपासून बघा

खालची वाक्यं दुरुस्त करा. एक वाक्य आधीच बरोबर आहे.

1. कॅन यू टेल मी हाऊ डिड यू सॉल्व्ह इट?
2. आय ॲम नॉट शुअर दॅट शी इज ॲट होम ऑर नॉट.
3. डू यू थिंक हू विल विन?
4. नोबडी नोज व्हॉट हॅपन्ड.
5. ही कम्प्लेन्ड अबाउट दॅट द रूम वॉज कोल्ड.
6. व्हॉट आय हर्ड दॅट सरप्राइज्ड मी.
7. ही आस्क्ड मी दॅट व्हाय वॉज आय लेट.
8. आय वॉन्डर व्हॉट इज शी लुकिंग ॲट?

पहिल्यात विधान “यू सॉल्व्ह्ड इट समहाऊ”, म्हणून “हाऊ यू सॉल्व्ह्ड इट”. दुसऱ्यात ‘दॅट’च्या जागी ‘व्हेदर’. तिसरं “हू डू यू थिंक विल विन?” चौथं बरोबर आहे, “समथिंग हॅपन्ड” यात भोक कर्त्याच्याच जागी आहे. पाचव्यात ‘अबाउट’ काढा. सहाव्यात ‘दॅट’ हे मराठी ‘ते’चं भाषांतर आहे, ते गाळा. सातव्यात दोन दुरुस्त्या आहेत, ‘दॅट’ जातं आणि क्रम सरळ होतो: “ही आस्क्ड मी व्हाय आय वॉज लेट.” आठव्यातही दोन. “व्हॉट शी इज लुकिंग ॲट” असा क्रम, ‘ॲट’ शेवटीच राहतं. आणि प्रश्नचिन्हाऐवजी पूर्णविराम, कारण “आय वॉन्डर” हे विधान आहे. “डू यू नो व्हॉट शी इज लुकिंग ॲट?” असं असतं तर प्रश्नचिन्ह लागलं असतं, कारण ते बाहेरच्या भागावरून ठरतं.